सिडनी: बंदराचे तोंड आणि नदीचे वरचे टोक

धागाकर्ता: वरची नदी

सिडनीवर मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा हार्बर ब्रिज आणि ऑपेरा हाऊस यांच्या मधल्या अर्ध्या मैलात आटोपते. मी या शहराच्या पश्चिम भागात सोळा वर्षे राहतो आहे, आणि माझ्या ओळखीची बहुतेक मराठी कुटुंबे त्या अर्ध्या मैलापासून वीस-पंचवीस किलोमीटर आतल्या बाजूस राहतात. बंदरामुळे हे शहर वसले, हे खरे. परंतु ज्या माणसांमुळे त्याला आज बहुभाषिक म्हणतात, त्यांच्या खिडकीतून बंदर दिसत नाही. असे का झाले, हे मला या धाग्यात मांडायचे आहे. त्यासाठी सर्क्युलर की येथून पॅरामॅटापर्यंत जाणाऱ्या फेरीबोटीचा मार्ग धरून चालणे सोयीचे पडेल. (नवा माणूस या धक्क्याला ‘क्वे’ म्हणतो आणि त्यावरूनच ओळखू येतो, उच्चार ‘की’ असा आहे.)

प्रथम बंदराविषयी. पोर्ट जॅक्सन म्हणजे समुद्रात बुडालेले नदीचे खोरे. शेवटचे हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी वाढली, वालुकाश्मात कोरलेल्या दऱ्यांत पाणी शिरले आणि डोंगरांच्या सोंडा तेवढ्या पाण्याबाहेर राहिल्या. त्यामुळे काठ इतका दंतुर झाला आहे, की समोर दिसणाऱ्या घरी पोहोचायला पूर्वी अर्धा दिवस लागे. उत्तर आणि दक्षिण अशा दोन कड्यांमधून आत शिरले, की बाहेरचा प्रशांत महासागर एकदम शांत होतो. १७७० मध्ये जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्द्याने हे तोंड बाहेरूनच पाहिले, त्याला नाव दिले आणि तो पुढे निघून गेला. १७८८ च्या जानेवारीत आर्थर फिलिप हा पहिला गव्हर्नर ब्रिटनमधल्या कैद्यांना वसवण्यासाठी ११ जहाजांचा तांडा घेऊन आला, तोही आधी दक्षिणेकडच्या बॉटनी बे येथेच उतरला होता. तिथे गोडे पाणी पुरेसे नव्हते आणि उपसागर उथळ होता, म्हणून तो उत्तरेकडे शोध घेत या बंदरात आला आणि ज्या लहानशा खाडीला गोड्या पाण्याचा एक ओढा येऊन मिळत होता, ती त्याने निवडली. तीच सिडनी कोव्ह; २६ जानेवारी १७८८ हा तो दिवस. त्या ओढ्याला पुढे टँक स्ट्रीम असे नाव पडले. चार दशकांच्या आत तो इतका घाण झाला, की त्याचे पाणी पिणे बंद करावे लागले. आज तो गगनचुंबी इमारतींखालून पावसाचे पाणी वाहून नेणारे एक भुयारी गटार म्हणून वाहतो. ज्या पाण्यासाठी शहर इथे वसले, त्या पाण्यावरून रोज हजारो माणसे चालत जातात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

ही जागा रिकामी नव्हती. खाडीच्या दक्षिण काठावर गडिगल लोक राहत होते, आणि बंदराच्या दोन्ही बाजूंना त्यांच्यासारखी अनेक कुळे होती. त्यांच्यातल्या मासेमारीचा मोठा भाग स्त्रियांकडे असे. झाडाच्या सालीच्या होडीत मातीच्या थरावर विस्तव ठेवून, शिंपल्याच्या गळाने त्या मासे धरीत. वसाहत उभी राहून सव्वा वर्ष होते न होते तोच, १७८९ मध्ये, देवीची साथ आली आणि सिडनीच्या परिसरातले निम्म्याच्या आसपास मूळ रहिवासी तिला बळी पडले, असा अंदाज आहे. त्याच वर्षी फिलिपच्या हुकमावरून बेनेलाँग या वांगल कुळातल्या तरुणाला धरून आणण्यात आले. हेतू हा, की त्याने दुभाष्याचे काम करावे. त्याच्यासाठी विटांची एक झोपडी ज्या टोकावर बांधली गेली, त्या बेनेलाँग पॉइंटवर आज ऑपेरा हाऊस उभे आहे.

ऑपेरा हाऊसविषयी मी फार लिहिणार नाही, कारण त्यावर सर्वत्र पुष्कळ आहे. योर्न उत्झोन या डेन्मार्कच्या वास्तुविशारदाची १९५७ मध्ये निवड झाली, ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, बहुतेक पैसा सरकारी लॉटरीतून आला, उत्झोन १९६६ मध्ये भांडून निघून गेला आणि १९७३ मध्ये इमारत खुली झाली तेव्हा तो हजर नव्हता. पुलाविषयी मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. ५०३ मीटर लांबीची कमान असलेला हा पूल १९ मार्च १९३२ रोजी खुला झाला. बांधकामात १६ कामगार दगावले, आणि त्यासाठी घेतलेले कर्ज फिटायला १९८८ साल उजाडले. पुलाच्या दोन्ही टोकांना जागा करण्यासाठी शेकडो घरे पाडण्यात आली. त्यांतल्या भाडेकरूंना नुकसानभरपाई मिळाली नाही. बंदराच्या काठावरून गरीब माणूस उठवला जाण्याची ती पहिली वेळ नव्हती आणि शेवटचीही नव्हती.

पुलाखालून पश्चिमेकडे निघाले, की डावीकडे बारांगारू लागते. आज इथे काचेचे मनोरे आणि २७१ मीटर उंचीचे एक कॅसिनो-हॉटेल आहे. १९३० च्या दशकातल्या मंदीत इथल्या धक्क्यांलगतच्या रस्त्याला ‘भुकेचा मैल’ असे नाव होते. गोदी कामगार रोज सकाळी एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर काम मागत फिरत. मालवाहू जहाजांची जागा १९७९ पासून पोर्ट बॉटनीने घेतली. ज्या बॉटनी बेला फिलिपने नाकारले होते, तिथेच आज वर्षाला २० लाखांहून अधिक कंटेनर चढतात-उतरतात. ज्यांनी मुंबई बंदराचा माल न्हावाशेवाला जाताना पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की इथे रिकाम्या झालेल्या धक्क्यांचे काय करायचे याचा निर्णय फार लवकर झाला, आणि तो बराचसा पैसेवाल्यांच्या बाजूने झाला.

पुढे कॉकाटू बेट येते. तिथे आधी कैद्यांचा तुरुंग होता, नंतर जहाजबांधणीचा कारखाना. तिथून पुढे बंदराची नदी होते. उजव्या-डाव्या काठांवर बंगले, मग ऱ्होड्स आणि होमबुश बे. २००० च्या ऑलिंपिकसाठी जे क्रीडासंकुल उभारले, त्या जागेवर पूर्वी कत्तलखाना, वीटभट्ट्या आणि कचऱ्याचे डेपो होते. खाडीच्या पलीकडच्या ऱ्होड्सच्या काठावर युनियन कार्बाइडचा कीटकनाशके आणि तणनाशके बनवण्याचा कारखाना होता. भोपाळमुळे हे नाव आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. त्यातून डायऑक्सिन हे विषारी रसायन गाळात उतरले. २००६ मध्ये सगळ्या बंदरात व्यावसायिक मासेमारी बंद करण्यात आली, आणि पुलाच्या पश्चिमेस धरलेला मासा खाऊ नये, अशी सरकारी सूचना आहे. गळ टाकून बसलेली माणसे काठावर दिसतात; मासा धरायला बंदी नाही, खायचा मात्र नाही.

आणि मग पॅरामॅटा. वसाहतीच्या पहिल्याच वर्षी कळून चुकले होते, की सिडनी कोव्हच्या वालुकाश्मावर धान्य पिकत नाही. नोव्हेंबर १७८८ मध्ये नदीच्या वरच्या टोकाला, जिथे खारे पाणी संपते आणि गोडे सुरू होते, तिथे दुसरी वसाहत घातली गेली. बरामॅटागल लोकांच्या नावावरून तिला पॅरामॅटा हे नाव मिळाले. त्याचा संबंध वाम माशांशी आहे, आणि इथला रग्बी संघ आजही वाम मासाच बिरुद म्हणून मिरवतो. पोट भरण्याचे काम नदीच्या वरच्या टोकाला आणि सत्ता बंदराच्या तोंडाशी, ही विभागणी तेव्हापासूनची.

या पॅरामॅटाला लागून हॅरिस पार्क आहे. इथल्या विग्रॅम स्ट्रीटवर डोसा, चाट, पंजाबी मिठाई आणि गुजराती फरसाण यांची दुकाने दाटीने उभी आहेत, आणि २०२३ च्या मे महिन्यात या भागाला ‘लिटल इंडिया’ हे नाव मिळाले. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर ती जमीन आहे, जिच्यावर जेम्स रूस या शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्याला वसाहतीतली पहिली शेतजमीन देण्यात आली होती. त्याच उपनगरात लेबनॉनी मॅरोनाइट ख्रिश्चनांचे कॅथीड्रल आहे, कारण भारतीयांच्या आधी हा भाग लेबनॉनी लोकांचा होता. सिडनी ज्याला पाहायची आहे, त्याने ऑपेरा हाऊसच्या पायऱ्यांवर एक तास बसावे आणि या रस्त्यावर एक आख्खी संध्याकाळ घालवावी, असे माझे मत आहे.

२०२१ च्या जनगणनेत बृहत्सिडनीची लोकसंख्या सुमारे ५२ लाख ३१ हजार भरली. त्यांतल्या सुमारे ४३ टक्के लोकांचा जन्म ऑस्ट्रेलियाबाहेरचा आहे. देशाच्या क्रमाने पाहिले तर चीन पहिला, भारत दुसरा, इंग्लंड तिसरा. हे अलीकडचे आहे. १९०१ च्या स्थलांतर कायद्यात अशी तरतूद होती, की बंदरावर उतरणाऱ्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचे श्रुतलेखन घालता येई. अधिकाऱ्याला माणूस नको असेल तर तो त्याला न येणारी भाषा निवडे. ‘गोरा ऑस्ट्रेलिया’ हे धोरण १९६६ पासून सैल होत गेले आणि १९७३ मध्ये पूर्णपणे संपले. त्यानंतर जगात जिथे जिथे काही पेटले, तिथली माणसे काही वर्षांत सिडनीच्या एखाद्या उपनगरात दिसू लागली. सायगाव १९७५ मध्ये पडले आणि कॅब्रामॅटा व्हिएतनामी झाले, कारण निर्वासितांची वसतिगृहे जवळच होती आणि भाडी कमी होती. त्याच वर्षी लेबनॉनमध्ये यादवी सुरू झाली आणि लाकेंबा, बँक्सटाउन भरले. १९८९ मध्ये तिआनआनमेननंतर पंतप्रधान हॉक यांनी चिनी विद्यार्थ्यांना राहू दिले. इराकमधले असिरियन फेअरफील्डला आले. आपण लोक यांपैकी कशामुळे आलो नाही. आपण नोकरीच्या व्हिसावर आणि विद्यार्थी म्हणून आलो. तरीही वस्तीसाठी आपण शेजार निवडला तो त्यांचाच, कारण आपल्याला परवडणारे भाडेही तिथेच होते.

प्रतिसाद: गलबत

लेख आवडला, परंतु बंदर आता केवळ देखावा उरले आहे असा जो सूर त्यात आहे, तो मला मान्य नाही. मी जहाजांवर नोकरी केली आहे आणि या बंदरात अनेकदा शिरलो आहे. ग्लीब आयलंडच्या धक्क्यावर आजही सिमेंट आणि जिप्सम उतरते; शहरात जी इमारत उभी राहते तिचे सिमेंट ट्रकने आणायचे म्हटले, तर रस्त्यांवर काय गर्दी होईल याचा विचार करावा. गार्डन आयलंड हा ऑस्ट्रेलियाच्या नौदलाचा पूर्व किनाऱ्यावरचा मुख्य तळ आहे. नावात बेट असले तरी दुसऱ्या महायुद्धात मोठी सुकी गोदी बांधताना ते मुख्य भूमीला जोडले गेले.

महायुद्धाचा उल्लेख केलाच आहे, तर ३१ मे १९४२ ची रात्र सांगितली पाहिजे. तीन जपानी लघुपाणबुड्या कड्यांमधून आत शिरल्या. तोंडाशी जाळे होते, पण ते पुरे झालेले नव्हते. एक पाणबुडी जाळ्यात अडकली, दुसरी बुडवली गेली. तिसरीने ‘शिकागो’ या अमेरिकन क्रूझरवर नेम धरून टॉर्पेडो सोडले. ते चुकले आणि एक ‘कट्टाबुल’ या जुन्या फेरीबोटीखाली फुटला. ही बोट नौसैनिकांना झोपण्यासाठी वापरली जात होती. तिच्यावरचे २१ जण मरण पावले. तिसऱ्या पाणबुडीचा पत्ता तब्बल २००६ मध्ये लागला, तोही हौशी पाणबुड्यांना, बंदराबाहेर उत्तरेकडे. त्या रात्रीपर्यंत सिडनीकर युद्धाला दूरची गोष्ट समजत होते.

आणि बंदराच्या तोंडाजवळच्या मॅन्ली या उपनगराची बोट रोज कामावर जाणारे लोक वापरतात. अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात कड्यांसमोरून जाताना, दक्षिणेकडून लाटा येत असतील, तर बोट अशी डुलते, की मालवण-वेंगुर्ल्याकडचा माणूसही कठडा धरतो.

वरची नदी

गलबत, आपली दुरुस्ती मान्य आहे. ‘देखावा’ हा शब्द मी वापरलेला नाही, पण सूर तसा लागला हे खरे. ग्लीब आयलंडचे लक्षात आणून दिलेत, ते बरे झाले.

प्रतिसाद: वीटकाम

रिकाम्या धक्क्यांचा निर्णय पैसेवाल्यांच्या बाजूने झाला, हे धागाकर्त्याचे वाक्य अर्धे बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग माझ्या धंद्यातल्या माणसांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७१ मध्ये हंटर्स हिल या सधन उपनगरातल्या काही गृहिणी नदीकाठचा केलीज बुश हा शेवटचा रानाचा तुकडा वाचवण्यासाठी सगळीकडे अर्ज करून थकल्या. शेवटी त्या बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे, बिल्डर्स लेबरर्स फेडरेशनकडे गेल्या. संघटनेचे चिटणीस जॅक मंडी हे कम्युनिस्ट होते, आणि या बायका त्यांना मत देणाऱ्यांपैकी नव्हत्या. संघटनेने अट घातली, की स्थानिक लोकांनी जाहीर सभा घेऊन मागणी करावी. सभा झाली आणि मजुरांनी तिथे काम करायला नकार दिला. विकासकाने बिगरसंघटित मजूर लावायची धमकी दिली, तेव्हा त्याच्या दुसऱ्या अर्धवट इमारतीवरच्या मजुरांनी कळवले, की केलीज बुशमधले एक जरी झाड तोडले, तरी ही इमारत अर्धवटच राहील. पगारवाढीसाठी नव्हे, तर शहर कसे असावे यासाठी मजुरांनी काम थांबवण्याचा तो प्रकार ‘ग्रीन बॅन’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

पुढच्या तीन-चार वर्षांत अशा चाळीसच्या वर बंद्या झाल्या. ऑपेरा हाऊसच्या वाहनतळासाठी बोटॅनिक गार्डनमधली जुनी वडवर्गीय झाडे तोडली जाणार होती, ती वाचली. सर्वांत मोठी लढाई द रॉक्स येथे झाली. सिडनी कोव्हच्या पश्चिम काठावरची ही सर्वांत जुनी वस्ती: कैद्यांनी फोडलेल्या दगडांची घरे, खलाशांचे गुत्ते, गोदी कामगारांच्या चाळी. १९०० च्या प्लेगच्या साथीनंतर सरकारने इथली बरीच घरे ताब्यात घेतली होती, आणि १९७० च्या दशकात ती पाडून तिथे कार्यालयांचे मनोरे उभारायचे ठरले. रहिवासी आणि मजूर बुलडोझरसमोर बसले, मंडींना पोलिसांनी उचलून नेले, त्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. मनोऱ्यांची योजना मागे पडली आणि तडजोड म्हणून, उठवलेल्या रहिवाशांसाठी पुलाला खेटून ‘सिरियस’ नावाची ७९ घरांची सरकारी इमारत बांधण्यात आली.

आता दुसरी बाजू. २०१४ मध्ये सरकारने द रॉक्स आणि त्याला लागून असलेल्या मिलर्स पॉइंट इथली सरकारी मालकीची भाड्याची घरे विकण्याचा निर्णय जाहीर केला. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गोदी कामगारांच्या विधवांना घरे सोडावी लागली. ‘सिरियस’ २०१९ मध्ये १५ कोटी डॉलरला विकली गेली. मजुरांनी इमारती वाचवल्या, त्यांत राहणारी माणसे मात्र राहिली नाहीत. पर्यटक आज ज्या दगडी गल्ल्यांची छायाचित्रे घेतात, त्या गल्ल्या कुणामुळे उरल्या, हे तिथल्या फलकांवर फार बारीक अक्षरात आहे.

प्रतिसाद: पूर्व किनारा

धागाकर्ते पश्चिमेविषयी जिव्हाळ्याने लिहितात, ते समजू शकतो. परंतु त्या जिव्हाळ्यात काही गोष्टी गळल्या आहेत. ११ डिसेंबर २००५ रोजी क्रोनुला या दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे ५ हजारांचा जमाव जमला आणि मध्यपूर्वेकडचा वाटेल अशा प्रत्येकाला त्याने झोडपले. आदल्या आठवड्यात जीवरक्षकांना झालेली मारहाण हे निमित्त होते. लोकांना गोळा केले ते मोबाइलवरच्या संदेशांनी आणि रेडिओवरच्या चिथावणीने. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री पश्चिमेकडून मोटारींचे ताफे सूड घ्यायला आले. क्रोनुलाला रेल्वे जाते, म्हणून पश्चिमेकडच्या मुलांना तो किनारा सोयीचा आहे. पूर्वेकडच्या बाँडाय या प्रसिद्ध किनाऱ्याला रेल्वे नाही. समुद्र कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर इथे रेल्वेच्या नकाशात दडलेले असते, आणि हा माझा नेहमीचा मुद्दा आहे, तो पुन्हा सांगितल्याबद्दल माफ करावे.

त्याचप्रमाणे २००९ च्या जून महिन्यात हॅरिस पार्कमध्येच भारतीय विद्यार्थी रात्री रस्त्यावर उतरले होते, कारण त्यांच्यावर वारंवार हल्ले होत होते. आपण लेबनॉनी शेजारी मोठ्या आपुलकीने सांगितलेत. त्या दिवसांत तणाव नेमका त्याच दोन समाजांतल्या तरुणांमध्ये होता.

वरची नदी

आपण म्हणता ते खरे आहे, आणि मी ते गाळायला नको होते. २००९ मध्ये मी येथे नवा होतो आणि स्थानकावरून घरी जाताना आम्ही तिघे-चौघे एकमेकांसाठी थांबत असू. त्यानंतर तो ताण कसा विरला, हे मी नेमके सांगू शकणार नाही. पोलिसांची गस्त वाढली, विद्यार्थी स्थिरावले, दुकाने वाढली आणि रात्री रस्त्यावर वर्दळ राहू लागली, एवढे डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या रेल्वेच्या मुद्द्याला २०२१ ची जोड देतो. त्या वर्षी जूनमध्ये करोनाची लाट पूर्वेकडे, बाँडायच्या बाजूला सुरू झाली. ती पश्चिमेकडे सरकल्यावर पश्चिम आणि नैऋत्येकडच्या १२ पालिकाक्षेत्रांवर वेगळे, कडक नियम लागले: ऑगस्टच्या शेवटापासून रात्री ९ ते पहाटे ५ संचारबंदी, रस्त्यावर पोलिसांबरोबर सैनिक आणि डोक्यावर हेलिकॉप्टर. गोदामांत, रुग्णालयांत, दुकानांत जाऊन काम करणारे लोक याच भागांत राहतात. त्यांना घरी बसून काम करणे शक्य नव्हते. आम्ही घरात असताना दूरचित्रवाणीवर बाँडायच्या वाळूवर पहुडलेली माणसे दिसत होती. नियमात ते बसत होते, कारण घरापासून ५ किलोमीटरची मर्यादा सगळ्या शहराला होती आणि तिथल्या लोकांच्या ५ किलोमीटरमध्ये समुद्र येत होता.

उन्हाचेही तसेच आहे. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडच्या सखल मैदानापर्यंत पोहोचेस्तोवर दुपार उलटते. ४ जानेवारी २०२० रोजी शहराच्या पश्चिम टोकाच्या पेनरिथला ४८.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. विदर्भातल्या माणसाला ही उष्णता नवी नाही, पण काळ्या छपरांच्या, भिंतीला भिंत लागलेल्या आणि अंगणात झाड नसलेल्या नव्या वसाहती पाहून तोही डोक्याला हात लावील.

प्रतिसाद: जुनी पाने

भारतीय माणूस सिडनीत विसाव्या शतकाच्या अखेरीस आला, असा समज या धाग्यावरून होऊ नये म्हणून थोडी भर घालतो. १७९७ मध्ये कलकत्त्याहून सिडनीकडे दारू आणि इतर माल घेऊन निघालेले ‘सिडनी कोव्ह’ नावाचे जहाज टास्मानियाच्या उत्तरेकडच्या एका बेटावर फुटले. मदत आणण्यासाठी १७ जण होडीतून निघाले, तीही मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर फुटली, आणि मग ते सिडनीच्या दिशेने किनाऱ्या-किनाऱ्याने चालू लागले. अंतर ६०० किलोमीटरच्या वर. या सतरांपैकी १२ जण लास्कर, म्हणजे भारतीय खलाशी होते. वाटेत अनेक ठिकाणी मूळ रहिवाशांनी त्यांना अन्न दिले, नद्या ओलांडून दिल्या. पुढे काही ठिकाणी चकमकीही झाल्या. दोन महिन्यांनी तिघेच वाचलेले सापडले, आणि त्यांतला एक लास्कर होता.

मुंबईशीही एक धागा आहे. सिडनीला रुग्णालय, बराकी, रस्ते आणि शहराचे रूप देणारा गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी (कारकीर्द १८१० ते १८२१) त्याआधी बरीच वर्षे मुंबईत लष्करी अधिकारी होता. १७९३ मध्ये त्याचे पहिले लग्न मुंबईतच झाले. बायको तीन वर्षांत मकाव येथे क्षयाने वारली, तेव्हा तिचे शव त्याने जहाजाने मुंबईला आणून पुरले. कोचीनच्या बाजारात विकत घेतलेला जॉर्ज जार्व्हिस नावाचा मुलगा त्याच्या चाकरीत मोठा होऊन सिडनीलाही आला. या मॅक्वारीने रुग्णालयासाठी सरकारी तिजोरीतून पैसा न देता ठेकेदारांना ४५ हजार गॅलन दारू आयात करण्याचा मक्ता दिला. म्हणून त्याला ‘दारूचे रुग्णालय’ म्हणतात. त्याच्या एका भागात आज न्यू साउथ वेल्सचे विधिमंडळ भरते!

उलट दिशेनेही मालाची ये-जा होती. आपल्याकडच्या जुन्या लिखाणांत जो ‘वेलर घोडा’ येतो, तो न्यू साउथ वेल्सचा, म्हणूनच वेलर. पलटणींसाठी हे घोडे एकोणिसाव्या शतकात जहाजे भरभरून हिंदुस्थानात येत. आणि धागाकर्त्याचे हॅरिस पार्क ज्या जॉन हॅरिस या शल्यविशारदाच्या नावाने ओळखले जाते, त्यानेच ऑस्ट्रेलियात प्रथम चितळ आणून पाळले. म्हणजे विग्रॅम स्ट्रीटवर डोसा येण्याच्या दोनशे वर्षे आधी आपल्याकडचे चितळ येऊन गेले होते.

प्रतिसाद: कोथरूडकर

माझी मुलगी फेब्रुवारीत सिडनीला पदव्युत्तर शिक्षणासाठी येत आहे. विद्यापीठ शहराच्या मध्यभागाजवळ आहे. तिने पॅरामॅटाकडे राहावे की विद्यापीठाजवळ, याविषयी या चर्चेतल्या अनुभवी लोकांनी सांगितल्यास उपकार होतील. ‘उत्तराभिमुख घर’ म्हणून जास्त भाडे मागतात असे ती म्हणते; तिकडेही वास्तुशास्त्र चालते की काय?

वरची नदी

कोथरूडकर, वास्तुशास्त्र नव्हे, सूर्य. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून उत्तरेकडे खिडकी असलेल्या घरात हिवाळ्यात ऊन येते आणि दक्षिणेकडच्या खोल्या ओलसर राहतात. इथल्या अनेक घरांत हिवाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत अधिक थंडी वाजते, तेव्हा हा खर्च वाया जात नाही. भाडे महिन्याचे नसून आठवड्याचे सांगितले जाते, हेही तिला आधीच सांगून ठेवा. पहिल्या वेळी आकडा ऐकून माणूस खूश होतो आणि मग चारने गुणतो.

पॅरामॅटाहून जलद गाडीने मध्यवर्ती स्थानक साधारण अर्ध्या तासात येते, आणि वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क या पट्ट्यात आपल्या मुली गटाने राहतात. एकटीने राहायचे असेल तर विद्यापीठाजवळचे भाडे परवडणार नाही. तिघी मिळून असतील तर परवडू शकेल. पहिले सहा महिने पश्चिमेकडे काढून, शहर कळल्यावर ठरवावे, असे मी माझ्या पुतणीलाही सांगितले होते. (तिने ऐकले नाही, विद्यापीठाजवळच राहिली, आणि तिचे चांगलेच चालले आहे.) चॅट्सवूडहून बंदराखालून जाणारी मेट्रो ऑगस्ट २०२४ पासून सुरू झाली आहे, त्यामुळे उत्तरेकडच्या काही भागांचाही आता विचार करता येईल.

प्रतिसाद: गलबत

कोथरूडकर, आपण पोचवायला येणार असाल तर धागाकर्त्याने सांगितलेला बोटीचा प्रवास जरूर करावा, सुमारे दीड तास लागतो. फक्त निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून घ्यावे. नदीचे वरचे टोक उथळ आहे. पाणी फार उतरलेले असेल तर बोट पॅरामॅटापर्यंत जात नाही, अलीकडच्या रायडलमीअर धक्क्याला सगळ्यांना उतरवतात आणि पुढे बसने नेतात.

वरची नदी

ती बस आमच्या घरावरून जाते. तसे झाले तर इथे एक ओळ टाका, चहाला उतरा.